शनिवार-रविवारचे पतंग

आमच्या कॉलेजात एक योजना आली होती. तिचं कागदोपत्री नाव एवढं लांब होतं की आम्ही कोणी ते पूर्ण कधी उच्चारलंच नाही. आम्ही स्वतःला नुसतं 'संशोधनवाले' म्हणायचो. खेड्यातली, घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेली मुलं पुढे एम.एस्सी., पीएच.डी.ला जात नाहीत, मध्येच गळतात. म्हणून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासूनच त्यांना हाताशी धरायचं, प्रत्येकाकडून एक छोटं संशोधन करून घ्यायचं आणि मोठ्या संस्थांच्या मुलाखतीला उभं करायचं, असा तो बेत होता. यवतमाळच्या आमच्या कॉलेजातून पाच जण निवडले. त्यात मी एकटी मुलगी, आणि राळेगाव तालुक्यातलीही मी एकटीच.

'गळणारी मुलं' हा शब्द पहिल्याच बैठकीत एका पाहुण्या सरांनी वापरला आणि माझं डोकं फिरलं. आम्ही काय फुटकी टाकी आहोत? मी उठून उभी राहणार तेवढ्यात शेजारच्या मुलानं माझी ओढणी ओढून मला खाली बसवलं. माझा स्वभावच तसा. बाबा म्हणायचे, "या पोट्टीच्या नाकावर माशी बसत नाई." राग आधी येतो आणि अक्कल मागून येते, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

वसतिगृहातल्या मुली पोलीस भरतीची नाहीतर तलाठ्याची तयारी करायच्या. त्यांनी एकदा मला घेरलं.

"तुझ्यावालीची जाहिरात कधी निघते?"

"जाहिरात नाही निघत."

"मंग जागा किती आहेत?"

"जागा नाहीत. हे संशोधन आहे."

"अवं, पण मग लागतं काय शेवटी?"

काय लागतं ते मलाही धड माहीत नव्हतं. त्या आपापल्या पुस्तकांकडे वळल्या. पहाटे त्या सगळ्या मिळून मैदानावर धावायला जायच्या, एकमेकींची वेळ लावायच्या, संध्याकाळी एकमेकींना प्रश्न विचारायच्या. मी खोलीत इंग्रजी शोधनिबंध उघडून बसायची. एका पानाला दोन दिवस लागायचे. योजनेतली बाकीची चार मुलं मुलांच्या वसतिगृहात एकत्र राहायची, तिथेच त्यांच्या चर्चा व्हायच्या. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यातलं उरलंसुरलं माझ्या वाट्याला यायचं. फार एकटं वाटायचं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायला कोणी असतं तर एकटं वाटलंच नसतं.

गावात तर आणखी मजा. मोठीमाय, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, दर वेळी विचारायची, "कायची परीक्षा आहे तुझी?" परीक्षा नाही म्हटलं की, "मंग नोकरी?" नोकरीही नाही म्हटलं की ती आईकडे बघायची. आई लगेच चुलीकडे वळायची.

आमच्या मार्गदर्शक मॅडम प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्या कोणाचं कौतुक करायच्या नाहीत. काम बरं असलं तर "पुढे?" म्हणायच्या आणि वाईट असलं तरीही "पुढे?"च म्हणायच्या. नुसत्या सुरावरून ओळखायचं. त्यांनी मला विचारलं, "तुझ्या घरी कशाबद्दल सगळ्यात जास्त बोलणं होतं?" मी म्हटलं, "बोंडअळीबद्दल." दुसरं काही सुचलंच नाही. पण खरंही तेच होतं. आमच्याकडे पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, बोंडं धरू लागली की जेवताना, झोपताना, पाहुणे आले तरी गुलाबी बोंडअळीच. मॅडम म्हणाल्या, "मग तेच मोज."

असा विषय ठरला. आमच्या वावरात निंबोळी अर्क फवारायचा. नाल्यापलीकडे मोठेबाबांचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचं वावर, तिथे फवारायचा नाही. दोन्हीकडे चार-चार कामगंध सापळे लावायचे. हा सापळा म्हणजे काठीला बांधलेलं एक प्लास्टिकचं नरसाळं, वर झाकण, झाकणाखाली मादीच्या वासाची छोटी गोळी आणि खाली लांब पिशवी. वासानं अळीचे नर पतंग येतात आणि पिशवीत अडकून मरतात. रोज सकाळी पिशवी सोडायची, पतंग मोजायचे, आकडा लिहायचा, पिशवी रिकामी करून परत बांधायची. ज्या वावरात पतंग कमी, तिथे अळी कमी, असा आमचा ढोबळ हिशेब.

मी शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीनं घरी यायची आणि रविवारी दुपारी परत जायची. कळंबला बस थांबली की बाया खिडकीतूनच चिंतामणीला हात जोडायच्या. मीही जोडायची, आणि मनात एकच मागणं असायचं, आकडे चांगले येऊ दे. शनिवार-रविवार मी मोजणार होते. राहिले पाच दिवस. ते कोण मोजणार?

बाबा सातवी शिकलेले. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. मी त्यांना शंभर पानी वही आखून दिली, आठ सापळ्यांचे आठ रकाने केले. बांधावर उभं राहून सगळं समजावलं. शेवटी म्हटलं, "बाबा, आपल्या वावरातले आकडे मोठेबाबाच्या वावरापेक्षा कमी आले पायजे. कमी आले तं माझं काम झालं. मंग मले पुण्याच्या मोठ्या कॉलेजात जाता येते."

बाबा म्हणाले, "आपल्या वावरात कमीच राहीन. आपलं वावर कवा खराब होतं?"

हे आमचं बोलणं मी इथे जसंच्या तसं लिहिलं आहे. एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही.

बाबांचं आणि माझं फोनवर कधी बोलणंच व्हायचं नाही. "जेवली का?" "हाव." "बरं, ठेवतो." एवढंच. दोन वर्षं मी यवतमाळला होते आणि दोन वर्षं आम्ही एवढंच बोललो. सापळे लागले आणि रोज संध्याकाळी सातला फोन वाजायला लागला. "लिव. पहिला सापळा, पाच. दुसरा, सहा." आठही आकडे झाले की मग आज ढग होते, आज वारा होता, चौथ्या सापळ्याची गोळी सुकल्यासारखी वाटते, अमक्या काठीवर पाखरू येऊन बसते. दहा-दहा मिनिटं. खोलीतल्या मुली म्हणायच्या, "रोज सातला कोणाचा फोन येतो वं हिले?" आणि डोळे मिचकावायच्या. मी सांगितलं की बाबांचा आहे, तर कोणाचा विश्वास बसेना. सातची मी वाट बघायची. सगळ्या दिवसात माझ्याशी कोणी माझ्या कामाबद्दल बोलायचं ते तेवढंच.

एकदा बाबा म्हणाले, "ते कागद छापता ना तुमी लोकं, त्याच्यावर मोजणाऱ्याचं नाव राह्यते का?" मी म्हटलं, खाली कोपऱ्यात राहील. "बरं," म्हणाले. पुढच्या आठवड्यात मी गेले तर वहीला खाकी पुठ्ठा चढवलेला.

आकडे फार छान आले. आठवड्याची बेरीज केली की मोठेबाबांचं वावर कुठल्या कुठे वर आणि आमचं खाली. मी फुगले. चारही मुलांच्या कामापेक्षा माझं काम उठून दिसत होतं, आणि मी ते त्यांना दिसेल असं टेबलावर पसरून ठेवायची. पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत एम.एस्सी.च्या मुलाखतीसाठी आमच्यातल्या दोघांची नावं जाणार होती. त्यातलं एक माझं, हे बहुतेक ठरलंच होतं. मुलाखतीत आपलं संशोधन मांडायचं आणि त्यावरच सगळं. इकडे बी.एस्सी. झाल्यावर मला बघायला पाहुणे येणार, हेही घरात बहुतेक ठरलं होतं. म्हणजे गाडी एक तर इकडे जाणार होती नाहीतर तिकडे, आणि तो सांधा या आकड्यांवर होता.

दिवाळी झाल्यावर मॅडमनी माझे तक्ते बघितले. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाला केवढा आहे गं तुमचा?"

"उडी मारून जाता येतं, मॅडम."

"मग पतंगांना येता येत नाही? सातबारा वाचून येतात का ते?"

मला हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "आठवड्याची बेरीज नको. रोजचे आकडे काढ. एकेक दिवस वेगळा."

मी तणतणतच आलेख काढायला बसले. मोठेबाबांच्या वावराची रेघ थोडी वर, थोडी खाली, अशी शहाण्यासारखी चालली होती. आमची रेघ पाच दिवस जमिनीला चिकटलेली आणि शनिवार-रविवारी उभीच्या उभी वर. पुन्हा पाच दिवस खाली, पुन्हा शनिवारी वर. दहा आठवडे हेच. आमच्या वावरात दर शनिवारी पतंगांचा बाजार भरत होता.

मॅडमनी बघितलं आणि एवढंच विचारलं, "यांना शनिवार-रविवार सुट्टी असते का?"

मला दिसत नव्हतं असं नाही. शनिवारी मी पिशवी सोडायची, वीस-बावीस पतंग निघायचे, आणि मागे उभे राहून बाबा म्हणायचे, "आज जरा जास्तच दिसून राह्यले, नाई?" मी "असंल" म्हणायची आणि लिहून टाकायची. बेरीज कमी येत होती ना, बस. मला बघायचंच नव्हतं.

तरी मी हार मानली नाही. कारणं शोधली. बाबा पहाटे मोजत असतील आणि मी नऊला मोजते, तेवढ्या वेळात पतंग वाढत असतील. माझ्या केसांच्या तेलाच्या वासानं येत असतील, इथपर्यंत मी गेले. शेवटी ठरवलं, न सांगता मधल्या वारी जायचं आणि बाबा किती वाजता मोजतात ते बघायचं. एका बुधवारी पहिल्या बसनं निघाले. राळेगावला उतरले आणि गावच्या ऑटोत बसून थेट वावराच्या रस्त्याला उतरले.

बाबा तिसऱ्या सापळ्यापाशी होते, माझ्याकडे पाठ करून. त्यांनी पिशवी सोडली. खांद्यावरचा दुपट्टा बांधावर पसरला आणि पिशवी त्यावर हलकेच झटकली. मग उकिडवे बसून एकेक पतंग बोटानं बाजूला सरकवत मोजले. इतकं नीट मी स्वतः कधी मोजलं नव्हतं. मी मागून मोजत होते. एकवीस. बाबांनी वही उघडली आणि लिहिलं, सहा. मग दुपट्टा दोन्ही हातांनी उचलला, बांधापलीकडे झटकला, आणि परत खांद्यावर टाकला.

"बाबा, सहा?"

ते दचकले. पण मला बघून हसले. "अवं! तू काहून आली वं बुधवारची? बरी आहे ना?"

"एकवीस होते."

"हाव. बाकीचे फेकले ना."

त्यांना त्यात काही लपवण्यासारखं वाटतच नव्हतं. मी पुन्हा विचारलं, तर मलाच समजावायला लागले. "अवं माय, जास्तीचे तं मेलेलेच होते. ते ठेवून काय करायचं? आपलं वावर खराब दिसलं असतं. तूच म्हणली होती ना, आपले कमी आले पायजे? तं केले कमी. मोठेबाबाचे मात्र खरे लिवले बरं, एकई कमी-जास्त नाई केला. दुसऱ्याच्या वावराचं खोटं लिवू नये."

मी ओरडले. नाल्यापलीकडे मोठेबाबांच्या वावरात कापूस वेचायला आलेल्या बाया होत्या, त्यांनी कामं थांबवून बघितलं, इतकी ओरडले. "सत्यानाश केला तुम्ही माझा! तीन महिने पाण्यात घातले! काही कळत नव्हतं तर हात कायले लावला वहीले?"

 बाबांनी वही मिटली, तिचा खाकी पुठ्ठा धोतराला पुसला आणि माझ्या हातात दिली. मग चौथ्या सापळ्याकडे न जाता घराकडे चालायला लागले. चौथा सापळा मी मोजला. चोवीस.

त्या दिवशी मी घरी गेलेच नाही. तशीच परत बसमध्ये बसले. कळंबला हात जोडायचेही विसरले. वाटेत मी हिशेब केला की ही गोष्ट फक्त मला आणि बाबांना माहीत आहे. मॅडमना शंका आहे, पण शंका म्हणजे पुरावा नाही. शनिवार-रविवारचे आकडे जरा खाली आणले तर रेघ सरळ होईल. पेन्सिलनं लिहिलेले तर आहेत. म्हणजे बाबांनी जे केलं तेच मी करणार होते, फक्त ते न समजून आणि मी समजून. मला माझीच शिसारी आली. आणि खरं बोलायचं तर सांगायचं काय? की माझा बाप खोटे आकडे लिहितो? ज्या मुलांना इथवर आणायला योजना काढावी लागते, त्यांच्या घरी हेच चालतं, असंच म्हणतील ना ते?

दुसऱ्या दिवशी मॅडमपुढे वही ठेवली आणि सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "बरं झालं."

"काय बरं झालं, मॅडम? तुम्हाला काय जातंय!" मी म्हटलं. हे मी मॅडमना म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. पेन्सिल खाली ठेवली. "मोजायला बसवलं तेव्हा तू बाबांना काय सांगितलं होतंस?"

मी सांगितलं. बांधावरचं बोलणं, जसंच्या तसं.

मॅडमनी वही माझ्याकडे सरकवली. "म्हणजे उत्तर आधी सांगितलंस आणि मग मोजायला लावलंस. अहवालात चूक लिहावी लागेल. कोणाची लिहायची, ते ठरव. पुढे?"

मी माझी लिहिली. बाबांचे पाचही दिवस अहवालातून काढून टाकले आणि फक्त शनिवार-रविवार ठेवले. त्यात दोन्ही वावरं जवळजवळ सारखी निघाली. आमचंच थोडं वर. निंबोळीनं पतंग कमी झाल्याचं दिसलं नाही, बस, एवढाच निष्कर्ष. कमी आकड्यांच्या जिवावर टेबलावर पसरलेला माझा तोरा एका ओळीत आटोपला.

सापळ्यांचे आणखी काही आठवडे राहिले होते. सातचा फोन बंद झाला. शनिवारी सकाळी मी उठायच्या आतच बाबा बाजाराला निघून गेलेले असायचे. आई म्हणायची, "काय केलं वं तू त्याइले? वावराचं नाव काढलं का उठून जाते." मी आईलाही सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार?

मुलाखत जानेवारीत झाली. मी पुण्याला पहिल्यांदाच गेले. समोर तिघं होते. एका सरांनी माझा तक्ता बघून विचारलं, "फक्त दोनच दिवस? बाकीचे दिवस कोणी मोजत नव्हतं?"

"माझे वडील मोजत होते."

"मग ते आकडे कुठे आहेत?"

"ते वापरता येत नाहीत, सर."

"का? वडिलांनी आकडे बदलले, असं म्हणायचंय तुम्हाला?"

मी म्हटलं, "मी त्यांना उत्तर आधी सांगितलं आणि मग मोजायला बसवलं. त्यांनी मी सांगितलेलं उत्तर लिहिलं. चूक माझी आहे. मोजणाऱ्याला काय हवंय ते कळू द्यायचं नसतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर वाटलं, संपलं आता. पण दोन महिन्यांनी निवड झाल्याचं पत्र आलं. कॉलेजात पेढे वाटले. चारही मुलांनी हात मिळवला. वसतिगृहातल्या मुलींनी विचारलं, "म्हणजे लागली का तुझी?" मी म्हटलं, "हाव, लागली." तेवढ्या एका संध्याकाळी त्या मला आपल्यातली समजल्या.

माझा मोठा तक्ता मी गुंडाळून घरी आणला. आईनं तो हौसेनं धान्याच्या कोठीवरच्या भिंतीला चिकटवला. बाबा संध्याकाळी आले. चष्मा लावला, भिंतीजवळ उभे राहिले. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकडे आणि वार त्यांना कळत होते. कोपऱ्यात मी त्यांचं नाव मराठीत लिहिलं होतं, सापळ्यांची देखभाल यांनी केली म्हणून. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. मग बोट वर नेत आलेखावर आणलं.

"आठवडा दोन दिवसाचाच आहे का वं?"

मी तक्त्याचा सुटलेला कोपरा दाबून बसवला.

"सोमवार, मंगळवार कुठी गेले? मी गेलतो ना वावरात. पानी होतं तवाई गेलतो. पाचई दिवस गेलतो."

मी खूप काही बोलू शकले असते. चूक माझी होती, असं तीन अनोळखी माणसांपुढे मी बोलले होते. घरात, बाबांपुढे, तेवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि हातपाय धुवायला गेले. तो तक्ता अजून तिथेच आहे.

जुलैत मी निघाले. राळेगावच्या स्टँडवर बाबांनी पेटी वर चढवली, कंडक्टरला "पोट्टीले नीट बसवा" सांगितलं आणि बस हलायच्या आधीच वळले. मला वाटलं होतं, खिडकीशी येतील.

पुण्यात पहिले महिने मी कशी राहिले, ते सांगण्यासारखं नाही. मी "करून राह्यले" म्हटलं की लोकांना गंमत वाटायची. वाईट नव्हते कोणी, पण पुन्हा म्हणून दाखव म्हणायचे. मी बोलणंच कमी केलं, मग बोलणं बदललं. माझं काम आता काचेच्या बशीतल्या बुरशीवर होतं. पऱ्हाटीचा, पतंगांचा काही संबंध नव्हता. सकाळी बशा मोजायच्या आणि संध्याकाळी लिहायच्या. मी सगळं बरोबर मोजायची, आणि ते ऐकायला सातला कोणी नव्हतं. रविवारी मी घरी फोन करायची. आई बोलायची. मग बाबा. "जेवली का?" "हो." 'हाव' नाही, 'हो'. "बरं, ठेवतो."

दसरा झाला होता. संध्याकाळी मेसच्या रांगेत उभी होते. फोन वाजला. बाबांचा. वार सोमवार, म्हणून मी आधी घाबरलेच. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"काई नाई झालं. लिव."

"काय लिहू?"

"आज सोमवार. आपलं वावर. पहिला सापळा, एकवीस. दुसरा, सव्वीस. तिसरा, एकोणीस. चौथा, तीस." मध्ये थांबले. श्वास घेतल्याचा आवाज आला. "आता मोठेबाबाचं वावर. अकरा, नऊ, चौदा, दहा. त्याचं वावर औंदा आपल्यापेक्षा चांगलं आहे. एकई फेकला नाई मी. सगळे दुपट्ट्यावर मोजले."

जुने सापळे त्यांनी कधी काढून लावले, गोळ्या कुठून आणल्या, कोणी सांगितलं होतं त्यांना, मला काहीच विचारता आलं नाही. थोरल्या भावाचं वावर आपल्यापेक्षा बरं आहे, हे बाबांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. आणि त्या आकड्यांचं आता कोणालाच काही काम नव्हतं. ना माझ्या बशांना, ना मॅडमना, ना पुण्याला.

"लिवलं का?" बाबांनी विचारलं.

हाव, असं म्हणून टाकणं सोपं होतं. पण मी लिहिलं नव्हतं. "थांबा, बाबा," म्हटलं. पुढच्या मुलीकडून पेन मागून घेतला. जेवणाचं कुपन उलटं करून हातावर धरलं.

"बाबा, चूक माझी होती. तुमची नाई. तवा मले सांगता नाई आलं."

 पलीकडून बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. मग बाबा म्हणाले, "लिव ना वं. पहिला सापळा, एकवीस."

आधी मी वार लिहिला. सोमवार. मग आकडे.